जुना हातघडणीचा डाग (म्हणजे दागिना) : पाहावा कसा, दुरुस्त करावा कसा? (गळ्यातला कोल्हापुरी साज, कानातली हिऱ्याची कुडी, मोत्यांचा तन्मणी)

गुंजभर
गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) जुना डाग पुढे ठेवला की तो आधी काट्यावर जातो. मग कस, मग आजचा भाव, मग 'मोडीत एवढे येतील'. दागिना उलटा करून पाहणारा विरळाच. माझं मत असं, की हातानं घडवलेला जुना साज किंवा हिऱ्याची कुडी वजनाच्या हिशेबात बसत नाही. पण काम ओळखता आलं तरच माणूस मोडायच्या आधी थांबेल.

तर जाणकारांनी नेमकं सांगावं:
१. हातघडण आणि कास्टिंग (साच्यात ओतलेलं काम) यांतला फरक घरी, भिंगानं कसा कळतो?
२. बंद कोंदणातले (मागून बुजवलेल्या बैठकीतले) हिरे मूळचे की मागाहून बदललेले?
३. लाख भरलेले मणी पिचले, साजाच्या पानाची (नक्षीच्या तुकड्याची) कडी तुटली, तर काय करावं आणि काय अजिबात करू देऊ नये?

'आमच्याकडेपण आहे' एवढंच लिहिणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

तांबडा_पांढरा
आमच्याकडेपण आहे. (दात काढणारी बाहुली)

मळसूत्र
पहिल्या प्रश्नापुरतं. दहा पटीचं भिंग घ्या आणि दागिना पालथा करा. पुढची बाजू सगळेच सजवतात, खरं-खोटं पाठीमागे कळतं.

साजाचं पान ठशानं उठवलेलं असेल तर पाठ पोकळ असते. पुढे जिथे उंचवटा तिथे मागे खळगा, अगदी नक्षीच्या रेषेपर्यंत. पाठीवर वेगळा पत्रा झाळला (म्हणजे हलकं सोनं वितळवून जोडला) असेल तर कडेनं झाळीची बारीक रेघ फिरलेली दिसते आणि तिचा रंग किंचित फिका असतो. कास्टिंगच्या पानाची पाठ सपाट किंवा जाड, कडा गोलसर, आणि खोलगट जागी सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं.

दुसरं, जोडी लावून बघा. हाताच्या कामात एकाच साजातले दोन मासे कधी तंतोतंत सारखे नसतात. एकाचा डोळा वर, दुसऱ्याची शेपटी जरा वळलेली. मेणाच्या साच्यातून आलेले दोन मासे दोषांसकट एकसारखे निघतात.

तिसरं, झीज. जुन्या पानाची कडी ज्या बाजूनं तारेवर घासते तिथेच लांबट होते, आणि शेजारच्या मण्याचं भोकही त्याच अंगाला. नवं काम जुनं भासवायला काळं केलेलं असेल तर काळेपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो. खरा मळ फक्त खाचेत बसतो, उंचवटे अंगाला लागून लागून चकचकीत राहतात.

आणि कुडी असेल तर फिरकी. हातानं पाडलेलं मळसूत्र दोन्ही कानांना सारखं नसतं. डाव्याची फिरकी उजव्या दांडीवर दोन आटे जाते आणि अडते. तिथे जोर लावला की आटे गेलेच म्हणून समजा. ठेवताना एका फिरकीला लाल दोरा बांधून ठेवा.

शहाणी_सून
मळसूत्र, नाव सार्थ केलंत.
साजात पानं किती असावीत? कुणी २१ सांगतं, कुणी १०, कुणी १२.

रंकाळावेस
शहाणीताई, पारंपरिक मोजणी २१ ची. दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन खड्यांची (एक माणिक, एक पाचू) आणि मधलं तावीज. प्रत्येक दोन पानांमध्ये जवमणी. मासा, कासव, चंद्र, शंख, कमळ, बेलपान, भुंगा, वाघनख, गंडभेरुंड अशी पानं घरोघरच्या साजात कमीजास्त भेटतात. हल्ली बहुतेक साज १०-१२ पानांचे घडतात, कारण उरलेल्या पानांचं सोनं कुणाला परवडतंय? पानं कमी म्हणून साज नवा असं मात्र धरू नका. वाटण्यांत पानंही वाटली गेलीत. मोठीकडे मासा, धाकटीकडे कासव.

तांबडा_पांढरा
आणि तावीज कुणाकडे, यावर तीन पिढ्या बोलणं बंद.

ठसेठोक
पान कसं होतं ते थोडं सविस्तर लिहितो. त्यातूनच काय बिघडतं ते कळेल.

सोनं मुशीत आटवून कांबी ओततात. ऐरणीवर ठोकून किंवा रोलरमधून काढून पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास आणतात. ठोकताना सोनं कडक होत जातं, म्हणून दर थोड्या वेळानं मंद लाल होईतो तापवून पुन्हा मऊ करायचं. ही तापवणी चुकवली की कडेला बारीक चिरा पडतात. जुन्या पानाच्या काठावर केसासारख्या चिरा दिसल्या तर त्या वापरामुळे नव्हे, बहुधा घडवतानाच्या घाईमुळे.

मग पत्रा शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून वरून ठसा मारायचा. शिसं मऊ, ते दबतं आणि पत्र्याला खालून आधार देतं. पण इथेच मोठी गोम आहे. शिशाचा लवलेश पत्र्याला चिकटला आणि तसाच पत्रा पुन्हा विस्तवात गेला, तर शिसं सोन्यात शिरतं आणि ते ठिसूळ होतं. नंतर वाकवताना पान बिस्किटासारखं तुटतं. म्हणून चांगला कारागीर मध्ये पातळ कातडं किंवा कागद घालतो आणि तापवण्याआधी मागची बाजू घासून स्वच्छ करतो. जुन्या साजातलं एखादंच पान वारंवार एकाच रेषेत तुटत असेल तर कारण हेच असू शकतं. त्याला कितीही झाळ लावा, शेजारी पुन्हा तुटणार. ते पान नवं करणं भाग आहे.

ठसा उठल्यावर कडा कापायच्या, कानशीनं साफ करायच्या, बारीक छिन्नीनं रेषा ठळक करायच्या. रवे लावायचे असतील तर तारेचे तुकडे कोळशावर वितळवतात. थेंब आपोआप गोल होतो. ते चाळून एका मापाचे निवडायचे, टाकणखाराच्या पाण्यानं जागेवर चिकटवायचे आणि फुंकणीनं एकदम सगळे झाळायचे. आच कमी पडली तर रवा नखानं उडतो, जास्त झाली तर तळाशी वितळून चपटा होतो. रवा पूर्ण गोल आणि नेमका टेकलाय तिथेच धरलेला दिसला, तर काम उत्तम.

हिशेबी_माणूस
सगळं खरं, पण भावनेच्या भरात हिशेब विसरू नका. समजा साज ४० ग्रॅम भरला. त्यातली लाख, दोरा, खडे मिळून १० ग्रॅम गेले, राहिले ३०. पानं २२ कॅरेटची असली तरी झाळ हलकी, त्यामुळे आटल्यावर सरासरी उतरते. हाती येतं त्याहून कमी. शिवाय दागिना लॉकरात पडून. आजच्या भावात मोडून नवा केला तर मुलीबाळींच्या अंगावर तरी राहील.

गुंजभर
हिशेबीदादा, तुमच्याच हिशेबानं बघा. मोडताना लाख आणि झाळ वजा, नवा करताना घडणावळ, घट आणि जीएसटी जमा. दोन्हीकडून तुम्हीच देणार. आणि नवा साज हाती येणार कास्टिंगचा.

हिशेबी_माणूस
घडणावळीचा मुद्दा मान्य. पण पिचका साज घालून कोण मिरवणार? दुरुस्ती होते का ते सांगा, मग बोलू.

रंकाळावेस
मोडण्यावरून आठवलं. पतियाळाच्या महाराजांसाठी कार्तियेनं १९२८ साली हिऱ्यांचा प्रसिद्ध हार केला. पुढे तो खजिन्यातून गायब झाला. १९९८ मध्ये लंडनमध्ये जे सापडलं ते मोठे हिरे उपटलेलं नुसतं सांगाड्यासारखं काम. कार्तियेनं मग नकली खडे बसवून तो पुन्हा उभा केला. म्हणजे खडे गेले तरी घडणीसाठी लोक धावले. आपल्याकडे उलटं, खडे काढून हातात देतात आणि घडण आटवतात.

शहाणी_सून
आजेसासूबाईंची सोन्याची चिठ्ठी निघाली आहे, '२ तोळे ४ मासे ३ गुंजा'. सराफ म्हणतात २० ग्रॅमच्या वर थोडं. बरोबर?

गुंजभर
नाही. व्यवहारात हल्ली १० ग्रॅमला तोळा म्हणतात, चिठ्ठीतला तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. १ तोळा = १२ मासे, १ मासा = ८ गुंजा. म्हणून २ तोळे २३.३३, ४ मासे ३.८९, ३ गुंजा ०.३६, एकूण सुमारे २७.५८ ग्रॅम. आता काट्यावर याहून बरंच कमी भरत असेल तर कुठलं तरी पान किंवा मणी मध्ये कुठेतरी उतरलाय. चिठ्ठी टाकू नका, दागिन्याबरोबर ठेवा.

पैलू
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जुन्या हिऱ्याच्या कामात तीन प्रकार प्रामुख्यानं भेटतात.

पोलकी : हिऱ्याचा चपटा कापा, वरून जेमतेम उजळलेला. कडा वेड्यावाकड्या, आत नैसर्गिक दोष दिसणारच. तन्मणीच्या खोडात (मधल्या पदकात) हे पुष्कळ.

रोझ कट : तळ सपाट, वर घुमट, त्यावर त्रिकोणी पैलू. पूर्ण रोझमध्ये २४ पैलू, लहान खड्यांत कमी.

जुना माइन कट : उशीसारखा चौकट-गोल आकार, वरचा सपाट भाग लहान, डोकं उंच, पोट खोल. तळाचं टोक कापलेलं असतं, म्हणून वरून सरळ पाहिलं की मधोमध एक बारीक वर्तुळ दिसतं. हे वर्तुळ आधुनिक खड्यात दिसत नाही. आजचा ५७-५८ पैलूंचा गोल ब्रिलियंट तोल्कोव्स्कीनं १९१९ मध्ये मांडलेल्या मापांनंतर रुळला.

बदललेला खडा कसा ओळखायचा? ट्यूबलाइट बंद करा आणि एका पिवळ्या दिव्याखाली किंवा समईसमोर कुडी हळूहळू फिरवा. जुने पैलू मोठे आणि कमी, त्यामुळे प्रकाशाचे मोठे, संथ ठोके पडतात. नवा ब्रिलियंट असंख्य बारीक ठिणग्या उडवतो. कुडीच्या सात खड्यांत एकच भिरभिरत असेल तर तो मागाहून आलाय. आणि सात खड्यांच्या कुडीत मापही बघा. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची सहा वर्तुळं बरोबर चिकटून बसतात, म्हणून सातही खडे एका मापाचे लागतात. मधला बदलून मोठा घातला की बाहेरच्या सहांत फटी पडतात आणि सोनार त्या रव्यांनी बुजवतो. फक्त दोन फटींत रवे दिसले की शंका घ्या.

आता बंद कोंदण. खड्याच्या मागे चांदीचा चमकदार डांक (पातळ पत्रा) असतो, तोच प्रकाश परतवतो. चपटा हिरा एरवी काचेसारखा निस्तेज दिसला असता. कोंदण शुद्ध सोन्याच्या पातळ पट्टीचं. २४ कॅरेटवर ऑक्साइडचा थर धरत नाही, म्हणून पट्टीवर पट्टी दाबली की ती न तापवता एकजीव होते. आच लागत नाही, म्हणून आतली लाख आणि डांक शाबूत राहतात. या कोंदणात एकदा पाणी शिरलं की डांक काळा पडतो आणि खडा 'मेला' असं म्हणतात. खरं तर खड्याला काहीच झालेलं नसतं. कोंदण उकलून नवा डांक घातला की तो पहिल्यासारखा चमकतो.

प्रश्नचिन्ह
पेनासारखा हिरा टेस्टर ऑनलाइन मिळतो. घ्यावा का?

पैलू
साधा टेस्टर उष्णता किती वेगानं वाहते एवढंच बघतो. मॉइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा) त्याला फसवतं, त्यासाठी वीजवाहकता बघणारा टेस्टर लागतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर दोन्हींत पास होतो, तो हिराच आहे. शिवाय लहान खड्यावर टोक घसरून सोन्याला टेकलं की निकाल बाद. जुन्या कामात त्यापेक्षा भिंग उपयोगी. काचेच्या पैलूंच्या कडा झिजून बोथट होतात, हिऱ्याच्या कडा शंभर वर्षांनीही धारदार राहतात.

वजनाबद्दलही सावध. ४ मिलिमीटरचा ब्रिलियंट पाव कॅरेटच्या आसपास भरतो. त्याच व्यासाचा रोझ कट खाली सपाट असल्यानं बराच हलका, पोलकी त्याहून. बंद कोंदणातल्या खड्याला वरून फूटपट्टी लावून 'एवढे कॅरेट' सांगणाऱ्याकडे पोलकी विकूही नका, त्याच्याकडून घेऊही नका.

नाद_खुळा
भावा, एवढं वाचून बायकोची कुडी समईसमोर फिरवली. बायको म्हणते, 'आरती कुणाची चाललीय?'

कसवटी
कॅरेट मशीनबद्दल कुणी लिहिलं नाही. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी कस वाचणारं) मशीन वरचा काही मायक्रॉनचाच थर वाचतं. पूर्वी दागिन्याला उजाळा देताना मीठ, तुरटी, सोरा यांत उकळत. त्यानं पृष्ठभागावरचं तांबं निघून जाई आणि वर जवळपास शुद्ध सोन्याचा थर राही. त्यामुळे जुनं २० कॅरेटचं पान पुढून २२ दाखवू शकतं, आणि तेच मशीन झाळीवर टेकवलं तर १८. एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. पुढून, पाठीवर, झाळीवर, फाशावर (अडकवायच्या आकड्यावर) असे वेगवेगळे आकडे लिहून मागा. आणि तो दागिना १९६३ ते १९६६ मधला असेल तर कस कमी लागला म्हणून सोनाराला शिव्या घालू नका. सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांमुळे तेव्हा १४ कॅरेटवरचे नवे दागिने घडवायला बंदी होती.

हॉलमार्कचंही तसंच. सहा अक्षर-अंकी एचयूआयडीची (दागिन्यावरच्या ओळख क्रमांकाची) सक्ती दुकानदारानं विकायच्या मालावर आहे, तुमच्या कपाटातल्या साजावर नाही. कुंदन, पोलकी, जडाऊ काम तर या सक्तीतून वगळलेलंच आहे. 'हॉलमार्क नाही म्हणून किंमत कमी' असं कुणी म्हणालं तर कस दाखवून बोलायला लावा.

मळसूत्र
आता तिसरा प्रश्न, हिशेबीदादा वाट बघताहेत.

बोरमाळेचे आणि साजाचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख. लाख ७०-८० अंशांच्या आसपास मऊ होते. मणी बंद, भोक बारीक. अशा मण्याशेजारी कुणी फुंकणी किंवा गॅसची ज्योत लावली की आतली लाख उकळते, वाफेला वाट मिळत नाही आणि झाळ उसवते. म्हणून पहिली अट : लाख भरलेल्या डागावर उघडी ज्योत नाही.

पिचका मणी बाहेरून ओढून सरळ होत नाही. मणी सुटा करायचा, भोक खाली धरून बेतानं तापवून लाख वाहून जाऊ द्यायची, उरलेली स्पिरिटमध्ये भिजत ठेवून काढायची. मग आतून बारीक गोल टोकाच्या सळईनं पोचा उचलायचा, चीर असेल तर आता झाळायची, पुन्हा लाख भरायची आणि गरम सुईनं भोक मोकळं करायचं. कामाला वेळ लागतो, म्हणून बहुतेक जण 'नवा मणी घालतो' म्हणतात. घाला, पण जुना मणी परत मागून घ्या.

पानाची कडी तुटली असेल तर लेसर वेल्डिंग करून घ्या. आच ठिपक्यापुरतीच राहते, शेजारच्या लाखेला आणि खड्याला धग लागत नाही. ज्याच्याकडे लेसर नाही, त्यानं निदान सगळी पानं उतरवून एकेकट्या पानावर काम करावं. 'आहे तसंच पाच मिनिटांत लावून देतो' म्हणणाऱ्याकडून डाग उचला आणि बाहेर पडा.

धुण्याबद्दल : भरीव सोनं रिठ्याच्या कोमट पाण्यात चालतं. लाखेच्या कामाला रिठा नको, स्पिरिट तर नकोच (लाख त्यात विरघळते, म्हणजे सॅनिटायझर लावलेल्या हातानंही जपून), सोडा-अमोनिया नको, अल्ट्रासॉनिक मशीन नको. कोरडा मऊ ब्रश पुरे.

पटवेगिरी
गाठवण्यावर दोन ओळी. पातळ पत्र्याच्या मण्याच्या भोकाची कड आतून धारदार असते, ती दोऱ्याला कापते. मणी काढलेच आहेत तर भोकाची कड आतल्या बाजूला वळवून घ्या. मोत्यांना रेशीमच. नायलॉन टिकतो, पण गाठ घट्ट बसत नाही आणि माळ ताठ उभी राहते. तन्मणीचे पदर मागे गोफाजवळ आधी झिजतात, दर्शनी भाग ठीक दिसतो, म्हणून मागेच तपासा. मोत्याला अत्तर, साबण वर्ज्य. घालून झालं की ओलसर सुती कापडानं पुसून रात्रभर उघडं वाळू द्या.

ठेवताना गुलाबी कागद ओलसर जागी नको, रंग उतरून मोत्याला लागतो. रबरबँड तर कधीच नको. रबरातल्या गंधकानं सोन्यातलं चांदी-तांबं काळं पडतं.

हिशेबी_माणूस
बरं, मोडायचा विचार तूर्त बाजूला. पण दुरुस्तीला टाकताना खडा बदलला जाणार नाही याची खात्री काय? हिरे काय, सगळे पांढरेच.

कसवटी
देताना चिठ्ठीवर लिहून घ्या : एकूण वजन दोन दशांशांपर्यंत, पानांची आणि मण्यांची संख्या, खड्यांची संख्या, प्रत्येक खड्यातला दिसणारा दोष ('उजवीकडून तिसऱ्यात काळा ठिपका' असा). पुढून आणि पाठीमागून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. परत घेताना आधी पाठ बघा. लाख नव्यानं भरली असेल तर वजन थोडं हललेलं असेलच, तेव्हा काढलेल्या मण्यांचं रिकामं वजनही लिहून मागा, नाहीतर सोनं गेलं की लाख आली याचा मेळ बसणार नाही.

गुंजभर
उत्तम. शहाणीताई, तुमच्या चिठ्ठीतला डाग कुठला आहे? साज असेल तर पाठीचा फोटो टाका, पानं मोजू आणि कमी काय भरतंय ते बघू.

शहाणी_सून
साजच आहे. १७ पानं. फोटो संध्याकाळी टाकते. मासा नाही.

तांबडा_पांढरा
मोठ्या जाऊबाईंना विचारा.